ताणलेली टेप

“कंबर एकतीस,” मी म्हणाले, आणि तेजूचं पेन थांबलं.

“लिही की गं. पुढं सीट घ्यायचीय.”

तिनं लिहिलं. टेप माझी, कंबर तिची आणि मापाची वहीही तिच्याच हातात. पाचवीत असल्यापासून दुकानात मापं लिहायचं काम तेजलचं होतं. त्यामुळं स्वतःचं मापही तिनंच लिहावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

दुकान म्हणजे फलटणमधल्या आमच्या घराची पुढची खोली. तीन मशिनं, एक कटिंगचं टेबल, भिंतीला उंच आरसा. मी शिंप्याची लेक आणि शिंप्याचीच सून. बाई दाराची पायरी चढून आत येईपर्यंत मी तिचं माप नजरेनं घेतलेलं असायचं, टेप आपली खात्रीपुरती. याची मला घमेंड होती आणि अख्ख्या गल्लीला ती ठाऊक होती. माप घेताना मी ते मोठ्यानं सांगायचे. दोन्ही हात टेपला गुंतलेले, शेजारी मशिनं धडधडत असलेली. ओरडून सांगितल्याशिवाय लिहिणारीला ऐकू कसं जाणार? माझे सासरेही तसंच सांगायचे. आमच्या धंद्याची रीतच ती.

त्या दिवशी लोणंदहून माझ्या भावाची बायको, सिंधूवहिनी, आली होती. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पाच करवल्यांना एकाच कापडाचे ड्रेस शिवायचे होते. वहिनीनं मोरपंखी कापडाचा ताग्यासारखा गठ्ठाच आणून टेबलावर टाकला. चार पोरींची मापं झाली, पाचवी तेजू. तेव्हा ती चौदा वर्षांची, नववीत जाणार होती. माझ्यासारखीच अंगानं भरलेली, गालाला खळी पडणारी.

“अगं बाई, एकतीस?” वहिनी टेबलापासून म्हणाली. “माझ्या पोरी सगळ्या पंचवीस-सव्वीसात. तेजूला पाठराखीण उभी केली तर मागनं नवरीच दिसायची न्हाई!”

पोरी खिदळल्या. मशीनवरची नंदा हसली. मीही हसले. नुसती हसून थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे? मी म्हणाले, “शिंप्याची लेक आहे वहिनी, कापडाला काय तोटा? हिच्या एकटीत तुमच्या दोघी बसवते.”

तेजूही हसली. आपल्याला हसताहेत म्हटल्यावर आपणही हसायचं, एवढं शहाणपण चौदाव्या वर्षी मुलींना आलेलं असतं. मग तिनं सीटचं माप लिहिलं, बाहीचं लिहिलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

लग्न वैशाखात झालं. जूनपासून तेजूनं भात सोडला.

मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? शाळेचा ड्रेस सैल झाला म्हणून तिनं आणून दिला, मी दोन्ही बाजूंनी टाके घालून दिले. महिन्यानं परत आणला, परत घातले. गिऱ्हाइकं म्हणायची, “शालनताई, तेजू किती छान बारीक झाली हो! काय करते?” आणि मी मिरवत म्हणायचे, “काही नाही, उंचीला लागलीय पोरगी.” ऑगस्टपर्यंत मी तिचे सगळे कपडे आत घेतले. दुसऱ्या कुणाचे कपडे अशा चालीनं सैल होत गेले असते तर मी त्या बाईला खुर्चीवर बसवून विचारलं असतं, बाई गं, तब्येत बरी आहे ना? लेकीला मात्र मी विचारलं नाही. मशीनखाली कापड सरकवलं आणि टाके घातले.

गणपतीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोदकाला ती हात लावेना. डबा शाळेतून जसाच्या तसा परत यायचा आणि ती सांगायची, मैत्रिणींनी त्यांचा दिला. पाळी दोन महिने आली नव्हती. केस विंचरले की फणीत गुंता निघायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, वयात असं होतं म्हणाले आणि टॉनिकची बाटली दिली. बाटली कपाटात तशीच राहिली.

मग मी तिच्या मागे लागले. चुचकारलं, रागावले, शपथा घातल्या. एकदा ताट तिच्यापुढं आदळलं. ती रडायची, माफी मागायची, दोन घास तोंडात घोळवत बसायची. आणि रोज संध्याकाळी दुकान मोकळं झालं की आरशासमोर उभी राहून, खुंटीवरची टेप काढून कंबर मोजायची. मोजून झालं की तिच्या तोंडाकडं बघूनच मला कळायचं, आज पोरगी जेवणार की नाही.

“आई, अर्धा इंच वाढले,” ती एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. आवाज असा, की कुणी गेल्याचं सांगायला आली असावी.

“अगं, दुपारी जेवलीस ना? पोटात अन्न असलं की एवढं वाढतंच.”

“तेच म्हणतीय ना मी. म्हणून नको आता.”

मी पोळपाटावरची पोळी तशीच ठेवून तिच्याकडं बघत राहिले. आयुष्यभर बायकांना ‘जरा श्वास सोडा, पोट आत घेऊ नका’ सांगत आले होते. माझ्याच घरात एक मुलगी पोट आत घेऊन जगत होती आणि मला तिला श्वास सोडायला लावता येत नव्हता.

डिसेंबरात मला ती युक्ती सुचली.

शिंप्याची टेप कापडाची असते, वर मेणाचा हात दिलेला. वर्षभर वापरली की ती ताणली जाते. दोन आकड्यांमधलं अंतर वाढतं आणि मग ती माप कमी दाखवते. अशा टेपनं घेतलेल्या मापाचा ब्लाऊज अंगात चढत नाही. म्हणून मी दर दसऱ्याला मशीनची पूजा करताना नवी टेप काढायचे आणि जुनी पत्र्याच्या डब्यात टाकायचे. त्या डब्यात सहा-सात वर्षांच्या टेपा होत्या. मी एकेक काढून नव्या टेपेशेजारी धरून पाहिली. एक होती पार जून झालेली, इंचभर खाणारी. रंग मात्र तोच, पिवळा. ती मी ओल्या फडक्यानं पुसली आणि खुंटीला लावली. चांगली टेप माझ्या गळ्यात ठेवली.

संध्याकाळी तेजू आरशासमोर गेली. मी आत भाजी चिरत होते, पण कान सगळे बाहेर.

“आई!” ती पळत आली. तिचं तोंड कितीतरी दिवसांनी उजळलं होतं. “इंचभर कमी झालं!”

“बघ, उगाच जिवाला खात होतीस,” मी म्हणाले. “आता बस जेवायला.”

आणि ती बसली. दीड भाकरी खाल्ली. बटाट्याची भाजी परत घेतली, वर दही मागितलं. मी गॅसकडं तोंड करून उभी राहिले, कारण डोळ्यांना धार लागली होती. ते पाणी आनंदाचं होतं आणि थोडं शहाणपणाच्या ताठ्याचंही होतं. डॉक्टरला जमलं नाही ते मी एका टेपेनं केलं होतं.

तेजूच्या वडिलांना मी सगळं सांगितलं. ते साखर कारखान्यात टाइमकीपर, मोजकं बोलणारे. त्यांनी चष्मा काढला.

“शालन, टेप बदलण्यापेक्षा तिच्याशी बोल.”

“तीन महिने बोलतेच आहे की! काय झालं त्यानं? आज जेवली पोरगी. ताट बघा तिचं.”

“आणि तिला कळलं म्हणजे?”

“कोण सांगणार? तुम्ही?”

त्यांनी चष्मा परत चढवला. आमच्याकडं माझ्यापुढं कुणाचं फारसं चालत नसे.

सतरा दिवस ती जेवली. रोज नीट नाही, पण जेवली. गालावर किंचित तजेला आला. मी मनाशी म्हणायचे, अजून महिनाभर असं चाललं की अंगात ताकद येईल, ताकद आली की डोकं ठिकाणावर येईल आणि मग ही टेप गुपचूप डब्यात जाईल. मी सगळा हिशेब पुरा बांधला होता. फक्त शाळेचं गॅदरिंग त्यात धरलं नव्हतं.

नाचाचे कपडे शिवायला शाळेनं बाजारातल्या दुसऱ्या एका शिंप्याला बोलावलं होतं. त्यानं वर्गात मुलींना रांगेत उभं केलं आणि आमच्या रीतीप्रमाणं एकेकीचं माप मोठ्यानं सांगितलं.

दुपारी साडेबाराला तेजू दुकानात आली. माझ्यापुढं एक गिऱ्हाईक बाई ब्लाऊजचा गळा समजावून सांगत होती. तेजूनं दप्तर काढलं नाही. खुंटीवरची टेप घेतली, माझ्याजवळ येऊन माझ्या गळ्यातली ओढून काढली आणि दोन्ही कटिंगच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या टोकावर इस्त्री ठेवली आणि हातानं त्या सपाट करत नेल्या. शिंप्याचीच लेक ती, कसं पाहायचं ते तिला शिकवावं लागलं नाही.

“ही टेप कुठली?” तिनं विचारलं.

“अगं, जुनी दिसतीय. चुकून लागली असेल खुंटीला.”

“दसऱ्याला तू जुनी टेप डब्यात टाकतीस. खुंटीला जुनी टेप कधी असते आपल्यात?”

गिऱ्हाईक बाई ब्लाऊजपीस उचलून म्हणाली, “मी उद्या येते, शालनताई.” नंदानं मशीन थांबवलं.

“तेजू, तुझ्यासाठीच केलं गं. तू जेवावंस म्हणून.”

“किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“किती दिवस ही टेप आहे, आई?”

“सतरा,” मी म्हणाले.

“सतरा दिवस मी जेवले,” ती म्हणाली. कुणी तरी आपल्या हातून मोठं पाप करवून घ्यावं, तशी ती माझ्याकडं बघत होती. “तू मला फसवून जेवायला घातलंस.”

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिनं मला ढकललं नाही, नुसती बाजूला झाली. हातानं ढकललं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

त्या दिवसानंतर घरात माझ्या शब्दाला किंमत उरली नाही. मी म्हणाले, तेजू, आरशात बघ, गळ्याची हाडं वर आलीत. ती म्हणाली, “आरसा पण तूच आणलायस.” मी शेजारच्या बायकांना मध्ये घातलं, त्या म्हणाल्या, किती वाळलीस गं. त्या गेल्यावर तेजू म्हणाली, “तू सांगितलंस त्यांना बोलायला.” आणि मी खरंच सांगितलं होतं! तिच्या वडिलांनी वजनाचा काटा आणला. त्यावर ती चढली, काट्याकडं पाहिलं आणि खाली उतरून म्हणाली, “बाबा, तुम्ही पण?” त्या माणसाला मी लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी एकदा खोटं दाखवलं होतं. आता खरं दाखवायला माझ्याकडं काही शिल्लक नव्हतं.

फेब्रुवारीत शाळेच्या प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली. साताऱ्याच्या एका दवाखान्यात दाखल केलं. सलाइन लागलं, नाडी फार मंद होती, दोन दिवस आम्ही दोघं देव पाण्यात घालून बसलो. तिसऱ्या दिवशी मनाच्या आजाराच्या डॉक्टर आल्या, पालेकर म्हणून. वयानं माझ्याहून लहानच. त्यांनी तासभर तेजूशी आणि तासभर आमच्याशी बोलून घेतलं. हा हट्ट नाही, नखरा नाही, आजार आहे, आणि जिवावर बेतणारा आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी टेपेचं सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

“टेपेमुळं आजार झालेला नाही,” त्या म्हणाल्या. “तो आधीच होता. लोकांचं बोलणं, वय, तिचा स्वभाव, बरंच काही असतं त्यात.”

“म्हणजे माझं काही चुकलं नाही म्हणता?”

“तसं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “आजारात तिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या कुणाचं तरी तिला खरं वाटावं लागतं. सध्या ते तुमचं वाटत नाही. थोडे दिवस तुम्ही तिच्या खोलीत जाऊ नका.”

“मी आई आहे तिची.”

“म्हणूनच सांगतेय.”

मी बाहेरच्या बाकावर बसायला लागले. वडील आत जायचे, नर्स जायची, झाडूवाली जायची. आई तेवढी बाहेर. लोक येता-जाता बघायचे. दार अर्धवट उघडं असलं की पलंगाचा पायथा आणि तेजूचे पाय दिसायचे. ती ते चादरीत ओढून घ्यायची.

वॉर्डात हौसाबाई नावाची एक आया होती. कोरेगावहून रोज यायची, पन्नाशीची, तोंडाची मोकळी. सगळी तिला मावशी म्हणायची. पाचव्या दिवशी सकाळी ती तेजूची चादर बदलत होती आणि मी दाराबाहेर उभी होते.

“मावशी,” तेजूचा आवाज आला, “एक विचारू? खरं सांगाल?”

“मला खोटं बोलाया येळ कुठाय? इचार.”

“मी जाड आहे ना अजून?”

हौसाबाईचे हात थांबले असावेत. “जाड? आगं माझे बये, चिमटीत धराया मास न्हाई तुझ्या अंगावर. सकाळी तुला कुशीवर केलं, तवा वाटलं नुसती चादरच उचलली.”

“खरंच?”

“न्हायतर काय? खोटं बोलून मला तुझ्याशी सोयरीक करायचीय व्हय?”

मग तेजू हळूच रडायला लागली. ते रडणं वेगळं होतं, दमलेल्या लेकराचं होतं. मी पाच महिने तेच सांगत होते, अगदी तेच. ओरडून सांगितलं, पाया पडून सांगितलं. त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं आणि पोरीला पटलं.

“काय खातीस?” हौसाबाईनं विचारलं. “हितलं नगं वाटत असलं तर माझ्या घरनं आनते. मुगाची खिचडी करते मी, लई ब्येस. खाशील?”

“थोडी,” तेजू म्हणाली.

हौसाबाई बाहेर आली आणि मला बघून तिनं मला जिन्याजवळ ओढलं. “बाई, बोलून बसले खरं. पन मी पहाटं पाचला घर सोडते, माझ्याच डब्यात कालची भाकरी असती. खिचडी तुमीच करा. डबा माझा देते. मी देते तिला, माझी म्हनून.”

पुन्हा तेच. पुन्हा खोटं, पुन्हा जेवणासाठीच, पुन्हा तिच्या पाठीमागं. डॉक्टरीणबाईंना विचारावं असं मनात आलं. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या हेही कळत होतं. आणि आत माझी पोर ‘थोडी’ म्हणाली होती. टेपेचे ते सतरा दिवस सोडले, तर आठ महिन्यांत ती आपणहून काही खाईन म्हणाली नव्हती.

“तिला कळलं तर?” मी म्हणाले.

“म्या मरस्तोवर न्हाई सांगत.”

आम्ही यांच्या चुलतभावाकडं उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गॅसपुढं उभी राहिले आणि हात चालेना. माझी खिचडी तेजूनं डोळे मिटून ओळखली असती. हिंग जरा चढा, लसूण ठेचून, वर शेंगदाण्याचं कूट. मग मी एकेक गोष्ट काढत गेले. हिंग नाही. लसूण नाही. कूट नाही. आमच्या घरात खिचडीत कधी न पडलेला ओवा घातला, मिरी भरडून घातली, तांदूळ मुद्दाम जास्त शिजवला. पहिलं पातेलं चाखलं, तर त्यात अजून मीच होते. ते बाजूला ठेवून दुसरं टाकलं. दुसरी खिचडी माझ्याच तोंडाला परकी लागली, तेव्हा तो हौसाबाईचा चेपका डबा भरला. एवढं मन लावून मी कधी स्वयंपाक केला नव्हता, आणि सगळं मन आपला हात पुसून टाकण्यात लावलं होतं.

मी दाराबाहेर उभी. आत चमचा डब्याला लागल्याचा आवाज आला. एकदा. मग पुष्कळ वेळानं दुसऱ्यांदा. मी चार मोजले.

“कशी झालीय?” हौसाबाईनं विचारलं.

“छान आहे,” तेजू म्हणाली. “माझी आई हिंग फार घालते.”

पुढचे तीन आठवडे मी रोज ती परकी खिचडी केली. चार चमच्यांचे आठ झाले, मग अर्धा डबा. नुसत्या खिचडीनं ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, डॉक्टर पालेकरांचं रोजचं बोलणं होतं, आणि घरी आल्यावरही दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला आम्ही साताऱ्याला जात होतो. मधे दोनदा ती परत घसरली. पण जगली. दहावी झाली, बारावी झाली, नाशिकला नोकरी लागली, तिथल्याच एका चांगल्या मुलाशी तिनं लग्न केलं. लग्नातला ब्लाऊज तिनं तयार विकत घेतला. मी आजवर तिचं माप घेतलेलं नाही. दुकानातही आता मी कुणाचं माप मोठ्यानं सांगत नाही, स्वतःच कागदावर लिहिते.

ती माझ्याशी चांगलं वागते. सणाला साडी आणते, दुखलं-खुपलं विचारते. फक्त मी म्हणाले ‘आज छान दिसतेस’, तर ती हसते आणि नवऱ्याकडं बघते. तो हो म्हणाला, की मग तिला पटतं.

गेल्या महिन्यात ती माहेरी आली. पाचवा लागलाय तिला. उलट्या थांबत नाहीत, पोटात काही ठरत नाही, तोंड एवढंसं झालंय. तिला त्या तसल्या तोंडानं पलंगावर पडलेलं बघितलं आणि मला साताऱ्याचा तो पलंग आठवला. मी तिच्या उशाशी बसले, डोक्यावरून हात फिरवला.

“काय खावंसं वाटतंय, सांग. डोहाळे पुरवायचे असतात. म्हणशील ते करते.”

तिनं डोळे मिटले. विचार करून म्हणाली, “हसशील.”

“नाही हसत.”

“साताऱ्याच्या दवाखान्यात त्या हौसामावशी होत्या बघ. त्यांच्या हातची खिचडी. नाशिकला असल्यापासून तीच आठवतीय. खरं सांगू आई, त्या बाईनं वाचवलं मला. तिनं एकदाही मला फसवलं नाही.” मग डोळे उघडून म्हणाली, “कोरेगावात असतील ना गं त्या? बाबांना सांगून विचारू या?”

“वारल्या त्या,” मी म्हणाले, आणि तेवढं तरी खरं होतं. “तीन वर्षं झाली.”

“अरेरे.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग तुला येईल का तसली? ओवा असायचा त्यात. आणि मिरी असावी.”

अर्ध्या तासाचं काम होतं. डाळ-तांदूळ घरात, ओवा घरात, मिरी घरात. हात आपोआप उठला असता. पहिल्याच घासाला तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं असतं, आणि शिंप्याच्या लेकीला शेजारी-शेजारी ठेवून बघायला कितीसा वेळ लागतो? ‘ती मीच होते गं’ हे शब्द तोंडाशी आले होते. पण त्या एका माणसावर तिचा भरवसा आहे. तो काढून घेतला तर तिच्याजवळ काय राहील, ते मला सांगता येईना.

“नाही गं बाई,” मी म्हणाले. “मला नाही जमायची तशी.”

“राहू दे मग,” ती म्हणाली. “तू आपला वरणभात कर.”

मी वरणभात केला. तिनं तीन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.